सोलापुरात राहून कॉलेजात धर्माचा अभ्यास करायचाय? नव्यांसाठी, अगदी पहिल्या दिवसापासून

मागच्या जूनमध्ये शेजारच्या गल्लीतली एक मुलगी बारावीचा निकाल घेऊन घरी आली, आई बरोबर होती, आणि म्हणाली ताई मला धर्माचा अभ्यास करायचाय, ते कुठं शिकवतात. तिची आई लगेच म्हणाली, "ते काय कॉलेजात शिकायचं असतंय का ओ, मठात जा की, महाराज आहेत की तिथं." मी दोघींना चहा दिला आणि दीड तास बोलत बसले. त्या दिवशी जे जे बोलले ते नीट लिहून काढायचं तेव्हाच ठरवलेलं, कारण हाच प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं आणि दरवर्षी मी तेच तेच तोंडी सांगते. मी स्वतः याच जिल्ह्यात बीए केलं, पुढं पुण्यात शिकले, परत आले. खाली जे आहे ते करून बघितलेलं आहे.

आधी हे डोक्यात नीट बसवा

धर्म शिकणं आणि धर्माचा अभ्यास करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मठात, मदरशात, संडे स्कूलला, पाठशाळेत तुम्ही धर्म शिकता, म्हणजे तो आपला मानून कसा पाळायचा ते शिकता. विद्यापीठात तुम्ही विचारता की हे लोक असं का करतात, कधीपासून करतात, कोणत्या ग्रंथात काय लिहिलंय, तो ग्रंथ कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहिला, पूजेचा मान कोणाकडे आणि दाराबाहेर कोण उभं होतं. तुम्ही श्रद्धाळू असा नाहीतर नास्तिक असा, हे प्रश्न दोघांनाही विचारता येतात. श्रद्धा घरी ठेवून या असं कोणी म्हणत नाही, फक्त वर्गात बसताना ती थोडा वेळ बाजूला ठेवायची, "हे खरं की खोटं" हा निकाल लगेच द्यायचा नाही, आधी समजून घ्यायचं. अभ्यासक लोक याला कंसात ठेवणं म्हणतात.

कायद्यातपण हा फरक आहे आणि तो माहीत असावा, कारण घरचे, नातेवाईक, कधीकधी कॉलेजातलेपण "सरकारी ठिकाणी धर्म शिकवायला बंदी आहे" असं ठोकून देतात. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही. म्हणजे बंदी आहे ती उपदेशाला. धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं स्पष्ट लिहिलं होतं आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानंही मान्य केलं. कोणी अडवलं तर एवढं शांतपणे सांगा, वाद घालत बसू नका.

विषय कोणत्या नावाखाली सापडतो

इथंच नव्या मुलांची सगळ्यात जास्त फसगत होते. प्रॉस्पेक्टस उघडतात, "धर्म" शब्द शोधतात, सापडत नाही, मग म्हणतात आपल्याकडं नाहीच. महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत धर्मअभ्यास नावाचा वेगळा विभाग नाही हे खरं, पण विषय आहे, तो विखुरलेला आहे. तत्त्वज्ञानात धर्माचं तत्त्वज्ञान असतं, समाजशास्त्रात धर्माचं समाजशास्त्र असतं, इतिहासात भक्ती चळवळ, बौद्ध-जैन काळ, एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणा असतात, मराठीत संतसाहित्य असतं, कन्नडमध्ये वचनसाहित्य (म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरण संतांच्या रचना), उर्दूत सूफी परंपरा, संस्कृत-पाली-प्राकृतात तर मूळ ग्रंथच. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांत कोणत्या कॉलेजला कोणता विषय चालू आहे हे कॉलेजनुसार आणि वर्षानुसार बदलतं, त्यामुळं मैत्रिणीनं घेतलं म्हणून न जाता स्वतः ऑफिसात जाऊन विचारा, आणि "विषय आहे का" एवढंच विचारू नका, "या वर्षी शिकवायला सर किंवा मॅडम आहेत का, मागच्या वर्षी किती मुलं होती" हे विचारा. कागदावर असलेला आणि वर्गात शिकवला जाणारा विषय यात फरक असतो, हे मी अनुभवानं सांगते. मी ज्या कॉलेजात होते तिथं एक पेपर यादीत होता, आम्ही सात जणींनी घेतला आणि सहा आठवडे तासच झाला नाही, शेवटी पेपर बदलावा लागला आणि सगळ्यांचे तेवढे आठवडे वाया गेले.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर एक सोय झालीय ती वापरा. मेजर म्हणजे मुख्य विषय वेगळा ठेवून मायनर (जोडविषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा सुटा पेपर) म्हणून दुसरा विषय घेता येतो, शिवाय भारतीय ज्ञानप्रणालीचे छोटे पेपर असतात. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर तीस तासांचा. तीस तासांत कोणी धर्म समजून घेत नाही, पण आपल्याला यात रस आहे की नुसती हौस आहे हे तीस तासांत नक्की कळतं. बीकॉमवाल्या आणि सायन्सवाल्या मुलांना तर मी सरळ हेच सांगते, आधी एक इलेक्टिव्ह घ्या.

माझं मत विचाराल तर बीएला इतिहास किंवा समाजशास्त्र मेजर आणि जोडीला एखादी भाषा ही जोडी सगळ्यात कामाची. नुसतं तत्त्वज्ञान घेतलेली मुलं ग्रंथात अडकतात आणि देवळाच्या पायरीवर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. पण हे माझं मत, तुमच्या सरांचं वेगळं असू शकतं.

पहिला महिना: एक वही, चार प्रश्न

दोनशे पानी वही घ्या. मोबाईलवर नोट्स काढू नका, निदान पहिलं वर्ष तरी. प्रत्येक तासाला, प्रत्येक व्याख्यानाला, प्रत्येक वाचलेल्या प्रकरणाला चारच प्रश्न लिहायचे: कोण सांगतंय, कधीचं आहे, मूळ कोणत्या भाषेत आहे, आणि ऐकणारे कोण होते. उत्तर नाही मिळालं तर जागा कोरी सोडा. वर्षाअखेर या कोऱ्या जागांकडं बघितलं की पुढं काय वाचायचं ते आपोआप कळतं.

वर्गात काही नावं सतत येतील, घाबरू नका. मॅक्स म्युलर येईल, ज्याचं म्हणणं होतं की ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. एमिल दुर्खीम येईल, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, १९१२ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की धर्माच्या मुळाशी पवित्र आणि लौकिक अशी विभागणी असते आणि समाज एकत्र येऊन ती जपतो. मॅक्स वेबर येईल, जर्मन समाजशास्त्रज्ञ. पण नव्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो निनियन स्मार्टचा. १९६७ साली इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठात धर्मअभ्यासाचा विभाग उभा करणारा हाच. त्यानं म्हटलं की कोणताही धर्म बघताना सात अंगांनी बघा: विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, आचारनीती, समाजरचना आणि वस्तू-वास्तू. हे सात शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता हे कोरडं वाटतं, म्हणून गड्ड्यावर चला.

गड्ड्याची यात्रा हाच तुमचा पहिला प्रॅक्टिकल

सोलापूरच्या मुलाला बाहेर कुठं जायची गरज नाही. जानेवारीत संक्रांतीला श्री सिद्धेश्वरांची म्हणजेच सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, तिलाच आपण गड्डा म्हणतो, तुम्ही लहानपणापासून जात असाल, पाळण्यात बसला असाल, वांग्याची भाजी अन् कडक भाकरी खाऊन आला असाल. या वर्षी वही घेऊन जा.

सात नंदीध्वज निघतात. उंच काठ्या, सजवलेल्या, आणि त्या पेलणारे लोक पांढऱ्या बाराबंदीत. काठी उचलताना त्यांचं तोंड बघा, कमरेला बांधलेल्या पट्ट्यात काठीचं टोक रुतलेलं असतं, मानेच्या शिरा ताठ झालेल्या, आजूबाजूचे दोरानं तोल सांभाळतात आणि गर्दीतून "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" असा आवाज उठतो. पहिल्या दिवशी सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. अक्षता कोणाच्या? कथा अशी की एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते योगी, तेव्हा त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" म्हटलं की हजारो लोक एकदम अक्षता टाकतात आणि तेवढा क्षण तांदूळ पडल्याचा आवाज येतो, खरंच येतो, पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

आता स्मार्टची सात अंगं लावा. विधी म्हणजे तैलाभिषेक, अक्षता, होम. कथा म्हणजे कुंभारकन्येची. वस्तू-वास्तू म्हणजे काठी, बाराबंदी, तळं, कट्टा. समाजरचना बघायची तर सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, कोणाची काठी कुठून निघते, कोण कोणाच्या पुढं चालतं, कोणत्या पेठेत थांबते हे टिपा, शहराच्या पाचशे गोष्टी त्यात आहेत. अनुभव बघायचा तर काठी पेलणाऱ्या एखाद्या काकांना यात्रा झाल्यावर, त्या गर्दीत नाही, आठवड्यानं घरी जाऊन विचारा की काठी उचलल्यावर काय वाटतं. मी विचारलेलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वजन कळत नाय बगा, उतरल्यावर कळतंय." हे वाक्य मी अजून कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि सिद्धांत? इथं खरी मजा सुरू होते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी, सोलापूरचं जुनं नाव सोन्नलिगे, बसवण्णांच्या कल्याणच्या (कर्नाटकातलं, आजचं बसवकल्याण) शरण मंडळीतले ते एक, त्यांची वचनं कन्नडमध्ये आणि प्रत्येक वचनाखाली "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" ही नाममुद्रा. त्यांचं चरित्र लिहिलं ते राघवांक या कन्नड कवीनं. म्हणजे ज्याला आपण आपलं ग्रामदैवत म्हणतो, ज्याच्या नावानं शहराचं पान हलत नाही, त्याचं मूळ साहित्य वाचायला मराठी पुरत नाही. माझं एमए झाल्यावर मला हे उमगलं, त्याआधी वीस वर्षं मी गड्ड्याला जात होते.

म्हणून भाषा, आणि ती आत्ताच

या विषयात नवख्यांनी सगळ्यात आधी काय करावं असं कोणी एकच विचारलं तर मी म्हणेन एक जास्तीची भाषा शिका. सोलापूरला चार भाषा रोज रस्त्यावर बोलल्या जातात, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, आणि महाराष्ट्रातल्या फार कमी शहरांतल्या मुलांना हे फुकट मिळतं. पूर्व भागात पद्मशाली घरांतून तेलुगू, तिथला मार्कंडेय आणि नारळी पौर्णिमेची रथयात्रा. विजापूर वेशीकडं उर्दू. कन्नड तर अर्ध्या शहरात. तुमच्या वर्गात यातली भाषा घरी बोलणारं कोणीतरी नक्की असतं. मी कन्नड शिकले ती एका मैत्रिणीच्या आजीकडून, दर गुरुवारी संध्याकाळी एक तास, त्या एक वचन म्हणायच्या, मी देवनागरीत लिहून घ्यायचे, मग त्या एकेक शब्दाचा अर्थ सांगायच्या, शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. लिपी त्यानंतर शिकले, तीन आठवड्यांत. पुस्तकी व्याकरणानं सुरुवात केली असती तर मी सोडून दिलं असतं.

जैन धर्मात रस असेल तर प्राकृत, आणि त्यासाठी सोलापूरच पंढरी आहे असं मी म्हणते. इथल्या जैन संस्कृति संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला देशभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे, १९४३ साली त्यांनी तिलोयपण्णत्ती या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग छापला, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. आपल्या शहरात छापलेला ग्रंथ परदेशातल्या लायब्ररीत असतो आणि आपल्या मुलांना त्याचं नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्याख्यान, प्रवचन, कीर्तन, चर्चासत्र: काय ऐकायला चाललोय ते ओळखा

कॉलेजात आणि शहरात वर्षभर कार्यक्रम असतात. महात्मा बसवेश्वर जयंती, बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, महावीर जयंती, ईद-ए-मिलाद, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, मराठी विभागाचा २७ फेब्रुवारी, शिवाय विभागांची चर्चासत्रं. नोटीस बोर्डावर लावतात, हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. सगळ्याला जायची गरज नाही, महिन्याला दोन पुरेत.

पण तिथं गेल्यावर समोरचा कोणत्या प्रकारात बोलतोय हे ओळखायला शिका. कीर्तन वेगळं, नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण चालतं, दोन्हीत ऐकणाऱ्याला भक्तीकडं न्यायचं असतं. प्रवचनात ग्रंथ उलगडतात, पण आतून, श्रद्धेनं. जयंतीचं भाषण हे बहुतेकदा गौरवाचं असतं. व्याख्यानात बोलणाऱ्यानं मत मांडायचं आणि त्याला आधार द्यायचा असतो. आणि चर्चासत्रातला शोधनिबंध म्हणजे तर मी हे शोधलं, असं शोधलं, या ठिकाणी खात्री नाही, एवढंच. यातलं काही वाईट किंवा खालचं नाही. कीर्तन हा तुमच्या अभ्यासाचा विषय असू शकतो, पण कीर्तनात ऐकलेली सनावळी तुम्ही असाइनमेंटमध्ये संदर्भ म्हणून देऊ शकत नाही. पहिल्या वर्षाची निम्मी मुलं हेच करतात आणि मार्क जातात.

प्रश्नोत्तरात हात वर करा. लाजू नका. पण प्रश्नच विचारा. मी एफवायला असताना एका व्याख्यानानंतर उठले आणि चार मिनिटं माझ्या आजोळच्या कुलदैवताबद्दल बोलले, पाहुणे शांतपणे ऐकत होते, मग त्यांनी विचारलं, "बाळ, तुला माझ्याकडून काय हवंय?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी प्रश्न आधी वहीत एका ओळीत लिहिते आणि ती ओळ वाचूनच बसते. चांगले प्रश्न साधे असतात: तुम्ही हे कोणत्या साधनावरून म्हणता? याच्या उलट कोणी मांडलंय का? हे आमच्या जिल्ह्यात बघायचं तर कुठं बघू? या तिसऱ्या प्रश्नाला पाहुणे हमखास खुलतात, आणि कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी दहा मिनिटं देतात, ती दहा मिनिटं तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त देऊन जातात.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. नाव, तारीख, जागा वहीत लिहा. आणि त्याच रात्री नोट्स पुन्हा वाचा, दुसऱ्या दिवशी निम्मं अक्षर लागत नाही.

दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी जाताना

धर्माचा अभ्यास म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून जाणं. तसंच वागा. जैन मंदिरात चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवा. गुरुद्वारात आणि दर्ग्यात डोकं झाका, रुमाल पिशवीत कायम असू द्या. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मधून फिरू नका, पवित्र भाकरी घ्यायला रांगेत उभं राहू नका, ती त्यांच्या दीक्षित लोकांसाठी असते, जागेवर बसून राहिलं तर कोणी वाईट मानत नाही. बुद्ध विहारात वंदना चालू असेल तर मागं बसा. फोटो सगळीकडं विचारून. प्रसाद दिला तर घ्या, घ्यायचा नसेल तर हात जोडून नम्रपणे नको म्हणा, तोंड वाकडं करू नका.

आणि पहिल्या वर्षी निदान एकदा तरी अशा ठिकाणी जा जिथं तुमच्या घरातलं कोणी कधी गेलेलं नाही. दोन गल्ल्या पलीकडचंच असतं ते. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी लहानपणापासून ज्या विहारावरून शाळेला गेली त्याच्या आत पहिल्यांदा आली, तिथल्या मावशींनी तिला बावीस प्रतिज्ञांची पाटी वाचून दाखवली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या, आणि मग म्हणाल्या माझे सासरे त्या दिवशी तिथं होते. वर्गात नवयान म्हणजे बाबासाहेबांनी दिलेला बौद्ध धर्म हा दोन तासांत संपलेला विषय होता. तिथं ती दोन तास नुसती ऐकत बसली.

जिल्हा म्हणजेच लायब्ररी

पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे. आषाढीच्या गर्दीत जाऊ नका अभ्यासाला, आधी एखाद्या साध्या मंगळवारी जा. महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे, ती देवळाच्या बाहेर आहे, तिथं उभं राहून विचार करा. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरातच उपोषण सुरू केलं, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून, ते दहा दिवसांनी मिटलं. पुढं १९७३ चा पंढरपूर मंदिर कायदा, आणि २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल, ज्यानं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. एकाच देवळाची संतसाहित्यातून, आंदोलनातून, कायद्यातून अशी तीन वाचनं होतात. विठ्ठलाच्या मुळाचा शोध घ्यायचा असेल तर रा. चिं. ढेरे यांचं "श्रीविठ्ठल : एक महासमन्वय" घ्या, १९८७ चं साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक, जाड आहे, सलग वाचू नका, प्रकरणं निवडून वाचा.

मंगळवेढा बघा, दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखोबा यांचं गाव आणि बसवण्णांच्या आयुष्यातलंही. अक्कलकोट बघा. हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर, तिथला मराठी शिलालेख शके ९४० चा म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात, आणि शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंगही तिथंच. एसटीनं किंवा दुचाकीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. आणि शहरातच, १९३८ च्या डिसेंबरात निजामाच्या राज्यातल्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाआधीची आर्य परिषद सोलापूरला भरली होती, लोकनायक अणे अध्यक्ष. आजोबा-पणजोबांना विचारा, कोणाकडं तरी जुना कागद, फोटो सापडेल.

घरी बसून

ही यादी पटकन सांगते. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला, धर्मविषयक नोंदी फार चांगल्या, कोणताही शब्द अडला की आधी तिथं. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध वाचायला मिळतात, सगळा प्रबंध नको, पहिलं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची बघा. सरकारच्या "स्वयम" या ऑनलाइन पोर्टलवर कोर्स फुकट, परीक्षेची फी वेगळी, आणि सेमिस्टरच्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण कोर्सला नाव घालण्याआधी आपल्या कॉलेजात विचारून घ्या की हा धरणार का. इंग्रजी जमत असेल तर येल विद्यापीठाचे बायबलवरचे दोन पूर्ण कोर्स, जुना करार आणि नवा करार, ऑनलाइन मोफत आहेत, एखादा ग्रंथ श्रद्धा न दुखावता पण कठोरपणे कसा वाचतात ते बघायला त्याइतकं चांगलं काही नाही.

युट्यूबवर "आपल्या धर्माचं लपवलेलं सत्य" छापाचे व्हिडिओ असतात, कोणत्याही धर्माचे. वहीतले चार प्रश्न लावा. पहिल्याच प्रश्नाला बहुतेक गळतात.

घरच्यांशी, मित्रांशी

हे अवघड असतं आणि कोणी सांगत नाही. वर्गात तुम्ही शिकता की एखादी पोथी मानतो त्यापेक्षा नंतरची आहे, किंवा एखादी प्रथा अमुक काळात सुरू झाली, आणि त्याच संध्याकाळी घरी आई तीच पोथी वाचत असते. तिथं जाऊन लगेच ज्ञान सांगू नका. मी सांगितलं होतं, सेकंड इयरला, आणि आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, पोथी मात्र तिनं वाचायची सोडली नाही. नंतर एकदा मीच तिला विचारलं की तुला यातला कोणता अध्याय आवडतो आणि का. तिनं जे सांगितलं, तिच्या आजारपणातलं, माझ्या जन्माच्या वेळचं, ते ऐकून मला कळलं की ग्रंथ कधी लिहिला हा एक प्रश्न आणि तो वाचणाऱ्या बाईला काय देतो हा दुसरा, आणि अभ्यासकाला दोन्ही लागतात.

तुमची श्रद्धा हलली तर घाबरू नका, घट्ट झाली तरी घाबरू नका, दोन्ही होतं. एखाद्या विश्वासातल्या शिक्षकाशी बोला. आणि ग्रुपवर धर्मावरून भांडण पेटलं की तुमच्या अभ्यासाचा दाखला देऊन त्यात उतरू नका, कोणी खरंच विचारलं तर समोरासमोर बसून सांगा.

पुढं काय

एमएसाठी पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली आणि बौद्ध अभ्यासाचा विभाग आहे, तत्त्वज्ञान आहे; मुंबईत विद्याविहारला सोमय्या विद्यापीठाकडं बौद्ध आणि जैन अभ्यास; वेगळा धर्मअभ्यास विभाग हवा तर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात, दिल्लीत जामिया मिल्लिया विद्यापीठात तुलनात्मक धर्माचं केंद्र, शांतिनिकेतनातही तुलनात्मक धर्म. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला "धर्मांचा तुलनात्मक अभ्यास" हा स्वतंत्र विषय आहे, पाली आणि प्राकृतही वेगळे. यूपीएससी देणाऱ्यांनो, तत्त्वज्ञान ऑप्शनलच्या दुसऱ्या पेपरात धर्माचं तत्त्वज्ञान आहे. नोकरी लगेच आणि भरपूर आहे असं मी कोणाला सांगणार नाही, शिक्षकी पेशा, पत्रकारिता, भाषांतर, संग्रहालयं, हस्तलिखितांची कामं, एवढे रस्ते मला दिसतात आणि त्या सगळ्यांत भाषा येणारा माणूस पुढं जातो.

ती मुलगी, जिच्यापासून हे सुरू झालं, तिनं समाजशास्त्र घेतलं. जानेवारीत गड्ड्याला वही घेऊन गेली होती, अकरा पानं भरली, त्यातल्या चौथ्या पानावर तिनं लिहिलंय की अक्षता पडताना माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू रडत होत्या, का ते विचारायचं राहिलं. काकू कोण ते तिनं आता शोधून काढलंय, कुंभार गल्लीतल्या आहेत, येत्या रविवारी ती आणि तिची आई दोघी त्यांच्याकडं जाणार आहेत.